उच्च प्राथमिक शाळेचा दर्जा : मोजमापाच्या साधनांची एक चिकित्सा

एखादी शाळा चांगली आहे असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा ते विधान नेमके कशाविषयी असते, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. गावकरी नव्या इमारतीकडे बोट दाखवितात, मुख्याध्यापक भिंतीवरील शिष्यवृत्तीधारकांच्या फलकाकडे, आणि विस्तार अधिकारी आपल्या भरलेल्या प्रपत्राकडे. पालक फारसे बोलत नाहीत. ते मुलाचे नाव शाळेत ठेवतात किंवा दाखला काढून नेतात, आणि तेच त्यांचे मत होय. ह्या सर्वांचे म्हणणे आपापल्या जागी खरे असू शकेल. तथापि सहावीत आलेल्या मुलाचे आठवी संपेपर्यंत काय झाले, हे त्यांपैकी कोणीच सांगितलेले नसते.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या व नगरपालिकांच्या उच्च प्राथमिक शाळांचा दर्जा ठरविण्यासाठी जी साधने वापरली गेली आहेत, त्यांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही साधने एक तर पहिल्या दोनतीन इयत्तांना समोर ठेवून घडविलेली आहेत, किंवा शेवटच्या परीक्षेला. मधल्या शाळेचे म्हणून जे स्वतंत्र कार्य आहे ते त्यांच्या पकडीत येत नाही. हे कार्य मुख्यत्वेकरून भाषिक आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मधली शाळा ही आपल्याकडे फार काळ स्वतंत्र वस्तूच नव्हती. मुंबई इलाख्यात मराठी शाळेची सातवी म्हणजे एका शिक्षणक्रमाचा शेवट होता. व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला मुलगा मास्तर किंवा तलाठी होऊ शके, आणि गावात त्याला शिकलेला मनुष्य म्हणून मान असे. त्याच वयाची दुसरी मुले मराठी चौथीनंतर इंग्रजी शाळेत जात. त्यांच्या दृष्टीने पुढील तीन इयत्ता म्हणजे मॅट्रिकच्या वाटेवरील पहिले टप्पे. एकाच वयाच्या मुलांची एकाच भाषेतून फुटणारी ही दोन भवितव्ये होती. पुढे पाचवी ते सातवी हा उच्च प्राथमिक टप्पा ठरला आणि आठवी माध्यमिक शाळेकडे राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवी हे वर्ग एकत्र धरले, व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यांनाच मध्य टप्पा असे नाव दिले. कागदावरील ही पुनर्रचना प्रत्यक्षात सर्वत्र उतरली आहे असे नाही. सातवीपर्यंतची शाळा गावात आणि आठवीसाठी शेजारच्या गावचे हायस्कूल, ही जुनी वाटणी अनेक ठिकाणी टिकून आहे. दर्जाची मोजणी अवघड होण्याचे हे एक कारण आहे. कारण ज्या शाळेची परीक्षा घ्यावयाची ती पुष्कळदा दोन संस्थांत विभागलेली असते.

शाळेचा दर्जा बाहेरच्या माणसाने येऊन ठरवावा ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील शाळाखात्याने रुजविली. दिपोटीसाहेबांची वार्षिक भेट, तिच्या आदल्या दिवशीचे सडासंमार्जन, तोंडपाठ करून घेतलेली उत्तरे आणि अखेरीस शेरेबुकातील दोन ओळी, हे चित्र मराठी आत्मचरित्रांच्या वाचकाला परिचित आहे. जोतीराव फुले ह्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात ह्या पद्धतीतील उणे अचूक हेरले होते. वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा काडीचाही उपयोग होणे कठीण आहे, तपासणी निदान तिमाही असावी, आणि आगाऊ सूचना न देताही शाळांना भेटी द्याव्यात, अशा आशयाची त्यांची मागणी होती. तपासणी ही शाळेचे नेहमीचे रूप दाखविण्याऐवजी एका सजविलेल्या दिवसाचे रूप दाखविते, हा त्या मागणीतील मर्मभाग होय. एकशे चाळीस वर्षांनंतर प्रपत्रे बदलली, त्यांतील रकाने वाढले, माहिती संगणकावर भरली जाऊ लागली. तो मर्मभाग मात्र जुना झालेला नाही.

त्या काळाचा दुसरा धडा इंग्लंडातून मिळतो. तेथील १८६२ च्या सुधारित संहितेने वाचन, लेखन व अंकगणित ह्या तीन विषयांतील मुलांच्या परीक्षेवर शाळेचे अनुदान अवलंबून ठेवले. फलानुसारी अनुदानाचे हे तत्त्व मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांनाही लावण्यात आले होते. मॅथ्यू अर्नल्ड हा कवी व समीक्षक पेशाने शाळातपासनीस होता, आणि त्याने ह्या व्यवस्थेवर सातत्याने टीका केली. वाचता न येणारी मुलेसुद्धा चतुर पूर्वतयारीच्या जोरावर वाचनाच्या परीक्षेत उतरविता येतात, हा त्याचा आक्षेप होता. ज्या गोष्टीचे माप घेतले जाते तिचीच तयारी शाळा करते, आणि माप जितके अरुंद तितकी शाळाही अरुंद होत जाते. इंग्लंडाने एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी ही व्यवस्था टाकून दिली.

आता अलीकडच्या साधनांकडे वळता येईल. पहिले साधन साधनसामग्रीच्या मोजणीचे. खोल्या, संरक्षक भिंत, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह, पाणी, ग्रंथालय, क्रीडांगण ह्यांची गणना शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातही आहे आणि राष्ट्रीय पातळीवरून २०१५ मध्ये सुरू झालेल्या शाळासिद्धी कार्यक्रमातही आहे. शाळासिद्धीची सात क्षेत्रे आणि सेहेचाळीस मानके आहेत. शाळेने प्रथम स्वतःचे मूल्यमापन करावे व नंतर बाहेरच्या मूल्यमापकाने ते पडताळावे, अशी तिची योजना. योजना म्हणून ती विचारपूर्वक आखलेली आहे, कारण तीत वस्तू आहे की नाही एवढेच न विचारता तिचा वापर होतो काय हेही विचारलेले आहे. परंतु पहिलीपासून बारावीपर्यंतच्या सर्व शाळांना एकच चौकट लावल्यामुळे मधल्या शाळेविषयी तिला वेगळे असे विचारावयाचे उरत नाही. राज्यात २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात शाळा ‘प्रगत’ ठरविण्याची जी लाट आली तिच्यात फरशीवर रंगविलेल्या अक्षरचक्रांना व संख्यापट्टांना मोठे महत्त्व आले. लहान मुलांना त्यांचा उपयोग झाला असेल. सातवीच्या वर्गातील रंगविलेली फरशी मात्र बहुधा पाहुण्यांसाठीच असते.

दुसरे साधन अधिक गंभीर विचारास पात्र आहे. ‘प्रथम’ ह्या संस्थेच्या प्रयत्नांतून २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघर जाऊन ‘असर’ नावाचे सर्वेक्षण केले जाते. मुलाला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीचा उतारा ह्या क्रमाने वाचावयास दिले जाते. गणितात अंकओळखीपासून हातच्याची वजाबाकी व भागाकार इथपर्यंत जातात. ह्या सर्वेक्षणाने देशाला एक अप्रिय सत्य ऐकविले. पटावर नाव असणे आणि वाचता येणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याने सामान्य वाचकापर्यंत पोहोचविले, आणि त्याबद्दलचे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण हेच वाचनसाधन सहा वर्षांच्या मुलाला आणि चौदा वर्षांच्या मुलालाही लावले जाते. आठवीतील मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नाही हे कळणे अत्यंत महत्त्वाचे आहे. तो वाचता येतो हे कळल्याने मात्र आठवीविषयी काहीच कळत नाही. सर्वेक्षणकर्त्यांनी स्वतः ह्याहून अधिक दावा केलेला नाही. तो वृत्तपत्रांनी व सभांतील वक्त्यांनी केला. घराघरांत घेतलेल्या चाचणीच्या आकड्यांवरून शाळांचे दर्जे जाहीर करण्याची घाई त्यांचीच.

मराठीच्या बाबतीत येथे एक विशेष अडचण आहे व तिची दखल शिक्षणशास्त्रीय लेखनात पुरेशी घेतली गेलेली नाही. देवनागरी लिपी बव्हंशी उच्चारानुसारी आहे. अक्षरे, स्वरचिन्हे व जोडाक्षरे एकदा हाती आली की मराठी मुलाला न ऐकलेला, न कळलेला शब्दही बिनचूक उच्चारता येतो. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाचे तसे होत नाही. तेथे अपरिचित शब्द वाचताना मूल अडखळते आणि त्या अडखळण्यातून परीक्षकाला काही कळते. मराठीत सातवीतील मुलगी ‘अपकेंद्री’ हा शब्द न थांबता वाचून दाखवील आणि तिला त्याचा अर्थ मुळीच ठाऊक नसेल. प्रकट वाचन ही कसोटी त्यामुळे मराठीत जितक्या लवकर उपयोगी पडते तितक्याच लवकर निरुपयोगीही होते. अमेरिकन संशोधक जीन चॉल हिने १९८३ मध्ये वाचन शिकण्याचा आणि वाचनाद्वारे शिकण्याचा असे दोन काळ वेगळे केले होते. मराठी शाळेत पहिल्या काळाची सांगता तुलनेने निर्वेध होऊ शकते, आणि म्हणूनच दुसऱ्याची सुरुवात झालीच नसल्याचे फार उशिरा ध्यानात येते.

तिसरे साधन राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे. १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या फेऱ्यांत आठवीचा समावेश होता. ४ डिसेंबर २०२४ च्या ‘परख’ सर्वेक्षणात तिसरी, सहावी व नववी ह्या इयत्ता घेतल्या गेल्या. मध्य टप्प्यात शिरणारे मूल आणि त्यातून बाहेर पडलेले मूल ह्यांची ही दोन टोके आहेत. त्यांवरून जिल्ह्यांची तुलना होऊ शकते व ती उपयुक्तही आहे. नमुना पद्धतीच्या सर्वेक्षणाने एकेका शाळेविषयी निर्णय देऊ नये हे त्या पद्धतीतच अभिप्रेत आहे, ही गोष्ट मात्र जिल्हा पातळीवर खाली येईपर्यंत विसरली जाते. शिवाय २०१७ व २०२१ च्या दोन्ही फेऱ्यांतील प्रश्न बहुपर्यायी होते. चार पर्यायांतून एकावर खूण करणाऱ्या मुलाला एकही वाक्य रचावे लागत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेलाही तेच लागू पडते. ती २०१६-१७ पासून सातवीऐवजी आठवीत होऊ लागली, म्हणून फलकावरील रकाना तेवढा बदलला.

मग मधल्या शाळेचे स्वतःचे कार्य कोणते? एक साधे उदाहरण घेऊन ते पाहता येईल. ‘ऊन तापलं की तळ्यातलं पाणी आटतं’ हे वाक्य सहावीत येणाऱ्या कोणत्याही खेड्यातील मुलाला बोलता येते. विज्ञानाच्या पुस्तकातील वाक्य साधारणपणे अशा धाटणीचे असते : ‘उष्णतेमुळे जलाशयातील पाण्याचे बाष्पीभवन होऊन त्याची पातळी घटते.’ दोहोंत घटना एकच आहे, पण भाषेत पुष्कळ उलथापालथ झालेली आहे. ‘आटणे’ ह्या क्रियापदाच्या जागी ‘बाष्पीभवन’ हे नाम आले. ‘की’ ह्या अव्ययाने जोडलेली दोन वाक्ये ‘मुळे’ ह्या शब्दयोगी अव्ययाच्या आधाराने एका वाक्यात मुरली. समोर दिसणाऱ्या तळ्याचे ‘जलाशय’ ह्या जातिवाचक संज्ञेत रूपांतर झाले. बोलणारा, ज्याने हे पाणी आटताना पाहिले, तो वाक्यातून नाहीसा झाला.

ही उलथापालथ म्हणजे निव्वळ पंडिती डौल असे कोणी म्हणेल, आणि पाठ्यपुस्तकांतील काही वाक्यांबाबत ते खरेही ठरेल. परंतु येथे तसे नाही. मराठीत तळे आटते, तसे बासुंदीसाठी दूध आटविले जाते, उन्हाळ्यात विहीर आटते आणि गायही आटते. विहीर आटते ती बव्हंशी भूजल खाली गेल्यामुळे, वाफ होऊन नव्हे. आणि गाय आटली म्हणजे तिने दूध देणे थांबविले. घरगुती शब्द ह्या चारही गोष्टींना एका छत्राखाली घेतो. शास्त्रीय संज्ञा त्यांतील एकच प्रक्रिया वेगळी काढते आणि तिला नामरूप दिल्यामुळे तिच्याविषयी पुढे बोलता येते. तिचा वेग, तिची कारणे, तिची तुलना. ह्या वाटेने जाणे म्हणजेच मधल्या शाळेत शिकणे. चांगली शाळा मुलाला दुसऱ्या वाक्यापर्यंत नेते आणि पहिले वाक्य त्याच्या हातून सुटू देत नाही. वाईट शाळेत दुसरे वाक्य पाठ होते, पहिले घरी राहते, आणि दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे हे मुलाला कधी कळत नाही.

गणितात हा प्रश्न अधिक निकडीचा होतो, कारण तेथे चुकीची किंमत पैशांत मोजावी लागते. ग्रामीण व्यवहारात ‘तीन रुपये शेकडा’ म्हणजे दरमहा तीन रुपये. महिन्याचा उल्लेख करण्याची गरज कोणाला वाटत नाही. पाठ्यपुस्तकातील सरळव्याज ‘दरसाल दर शेकडा’ चालते आणि उदाहरणातील दर आठ, दहा, बारा असा असतो. पुस्तकातील दहा घरातील तिनाहून मोठे वाटावेत हे स्वाभाविक आहे. ज्या वर्गात शिक्षक हे दोन्ही दर फळ्यावर शेजारी शेजारी मांडतो आणि घरातील तीन म्हणजे पुस्तकातील छत्तीस हे मुलांकडूनच काढवितो, त्या वर्गात व्याज शिकविले गेले असे म्हणता येईल. सूत्रात किंमती घालून बिनचूक उत्तर काढणारा वर्ग कोणत्याही चाचणीत पहिल्याइतकेच गुण मिळवील. सावकाराच्या ओसरीवर मात्र दोघांतील फरक दिसून येईल.

घरगुती संभाषणाची भाषा व शालेय विचाराची भाषा हा भेद जिम कमिन्स ह्या अभ्यासकाने १९७९ मध्ये कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या संदर्भात मांडला. तो जसाच्या तसा महाराष्ट्राला लावता येणार नाही. तेथील मुले शाळेची भाषा नव्याने शिकत होती. येथे वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणारे मूल शाळेत ‘मराठीच’ शिकते असे सर्वांनी गृहीत धरलेले असते, आणि त्या गृहीतकामुळे अंतर दृष्टीआड होते. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलाचे अंतर निदान नाकारले जात नाही. वऱ्हाडी मुलाचे अंतर ‘अशुद्ध बोलतो’ ह्या शेऱ्याखाली गाडले जाते. ज्याच्या बोलीत डोळ्याचा ‘डोया’ होतो आणि ‘ण’ व ‘न’ ह्यांत भेद नाही, त्याच्या लेखनात हे सर्व उमटणारच. समजा, बाष्पीभवन म्हणजे काय ह्या प्रश्नाला एका वहीत मार्गदर्शिकेतील व्याख्या निर्दोष उतरविलेली आहे. दुसरीत असे लिहिलेले आहे : ‘पानी गरम झालं की त्याची वाफ व्हते आन ती हवेत जाते म्हनून कपडे वायतात.’ तांबड्या शाईच्या सहा खुणा दुसऱ्या वहीवर पडतात. वाळणाऱ्या कपड्यांपर्यंत पोहोचलेला विचार, जो पहिल्या वहीत नाही, त्याला कोणतीच खूण मिळत नाही. प्रमाणलेखन शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहेच, आणि त्यात ढिलाई करून बहुजनांच्या मुलांचे भले होईल असे समजणे ही एक नवी फसवणूक होय. परंतु बोलीची खूण आणि विचारातील चूक ह्यांना एकाच शाईने रंगविणारा शिक्षक मुलाला एवढेच शिकवितो की स्वतःचे वाक्य लिहिणे धोक्याचे असते. पुढच्या प्रश्नाला ते मूल मार्गदर्शिका उघडते.

वह्या हा म्हणूनच मधल्या शाळेचा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय. एका वर्गातील तीस वह्या समोर ठेवल्या व एकाच प्रश्नाची उत्तरे क्रमाने वाचली, तर तासाभरात पुष्कळ कळते. तीसही उत्तरे शब्दशः सारखी असतील तर ती फळ्यावरून उतरविलेली आहेत. तीसही वह्यांत एकच चूक असेल तर शंकेलाही जागा उरत नाही. ती चूक फळ्यावर होती, किंवा शिक्षकाच्या हातातील पुस्तकात. उत्तरे भिन्न असतील, काही अपुरी व काही वेडीवाकडी असतील, आणि शिक्षकाने समासात खुणेऐवजी एखादा प्रश्न लिहिला असेल, मुलाने त्याखाली पुन्हा प्रयत्न केला असेल, तर त्या शाळेत काही घडत आहे. तपासणीत वह्या पाहिल्या जात नाहीत असे नव्हे. त्या पाहिल्या जातात, पण बहुधा अक्षर, समास, दिनांक व शिक्षकाची सही ह्यांसाठी. नीटनेटकेपणा हा गुण आहे. परंतु सर्वांत नीटनेटक्या वह्या पुष्कळदा सर्वांत कमी विचार केलेल्या वर्गाच्या असतात, कारण उतरवून घेताना खाडाखोड होत नाही.

पालकांच्या कसोटीविषयी थोडे वेगळे बोलले पाहिजे. तिला अडाणीपणा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. मुलाला जगात उपयोगी पडेल अशी भाषा शाळेने द्यावी, ही त्यांची अपेक्षा मूलतः योग्यच आहे. ती भाषा इंग्रजी, हे उत्तर त्यांना भोवतालच्या व्यवहाराने पढविलेले आहे. पट टिकविण्यासाठी अनेक जिल्हा परिषद शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याचा सेमी-इंग्रजीचा मार्ग पत्करला. त्यामुळे पट काही ठिकाणी टिकला. परंतु ‘आटणे’पासून ‘बाष्पीभवना’पर्यंतचे अंतर ज्या शाळेत पार झालेले नाही तेथे ‘इव्हॅपोरेशन’ ह्या शब्दाने ते कमी होत नाही, दुप्पट होते. ज्या शाळेत ते पार झालेले आहे तेथे हा तिसरा शब्द फारसा त्रास न देता मुलाच्या पदरात पडतो. अमुक शाळा सेमी-इंग्रजी आहे ही माहिती म्हणून दर्जाविषयी काहीच सांगत नाही.

दर्जाच्या आकड्यांतून शाळाशाळांची तुलना केली जाते तेव्हा आणखी एक अन्याय घडतो, आणि त्याचे परिणाम केवळ शास्त्रीय राहत नाहीत. पाचवीनंतर काही मुले निवडचाचणी देऊन जवाहर नवोदय विद्यालयात जातात. काहींना ऐपतीचे पालक तालुक्याच्या ठिकाणी नेतात. गावच्या शाळेने पाच वर्षे घडविलेली हुशार मुले अशा रीतीने सहावीच्या उंबरठ्यावर तिच्या सरासरीतून वजा होतात. उलट बीडसारख्या जिल्ह्यातील शाळेत दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली आणि गळीत हंगाम आटोपल्यावर परतलेली मुले असतात. वर्षातील अर्धे दिवस गमावलेल्या अशा मुलाला पटावर टिकविणारी, परतल्यावर त्याला पुन्हा ओळीत आणू पाहणारी शाळा आकड्यांत खाली जाते. त्याचे नाव गुपचूप उडविणारी वर चढते. म्हणजे ज्या कामासाठी सार्वजनिक शाळा अस्तित्वात आहे तेच काम तिच्या गुणपत्रकात उणे म्हणून मांडले जाते. राज्यात २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा कमी पट आणि कमी दर्जा ही दोन विधाने जणू एकच असल्याप्रमाणे बोलली गेली. पुढे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हाही तोच घोटाळा झाला. लहान शाळेत एकेका मुलाच्या वहीकडे लक्ष देणे अधिक शक्य असते, हा मुद्दा त्या चर्चेत फारसा ऐकू आला नाही. उलट बाजूही मान्य केली पाहिजे. कायद्याने सहावी ते आठवीसाठी भाषा, सामाजिक शास्त्रे आणि गणित-विज्ञान ह्यांसाठी किमान एकेक शिक्षक सांगितलेला आहे. चौदा मुलांच्या शाळेत तिन्ही वर्ग एकच शिक्षक सांभाळीत असेल तर त्याच्या निष्ठेने विषयज्ञानाची उणीव भरून येत नाही. अशा ठिकाणी दर्जाचा प्रश्न शाळेला विचारावयाचा की नेमणूक करणाऱ्यांना, हे आधी ठरविले पाहिजे.

वह्यांवर व मुलांच्या बोलण्यावर आधारलेले मूल्यमापन व्यक्तिनिष्ठ होईल, असा आक्षेप अपेक्षित आहे. तो पूर्णतः खोडून काढता येणार नाही. तथापि त्याच वह्या दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे वाचल्या तर त्यांच्यातील मतैक्य मोजता येते, आणि मतभेद झाले तेथे त्यांचे कारण वहीच्या पानावर दाखविता येते. खोल्यांच्या संख्येवर मतभेद होत नाहीत हे खरे. पण ज्यावर मतभेद होत नाहीत तेच मोजावयाचे ठरविले तर शिक्षणातील फार थोड्या गोष्टी हाती राहतील. दुसरा आक्षेप वेळेचा आहे. केंद्रप्रमुख आज ज्या वेळात माहितीचे तक्ते गोळा करतो व पुढे पाठवितो, त्यांतील एक दुपार महिन्याला एका शाळेच्या वाट्यास आली तरी फुल्यांनी मागितलेली न कळविता दिलेली भेट साध्य होईल. त्या भेटीत त्याने सातवीतील चार मुलांना बोलवावे. त्यांत वर्गातील पहिला नसावा आणि शिक्षकाने पुढे केलेलाही नसावा. विज्ञानाच्या धड्यातील एक परिच्छेद त्यांनी मनात वाचावा आणि तोच, वर्गात नसलेल्या लहान भावंडाला सांगावा तसा, आपल्या बोलीत सांगावा. मग त्यावर तीन ओळी पुस्तकी मराठीत लिहाव्यात. दोन्ही दिशांनी जाणे-येणे होते की नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

ह्यात व्यावहारिक अडचण एकच आहे. शाळेतील जनरल रजिस्टर कायमचे जपले जाते, हजेरीपट व चाचण्यांचे निकाल वर्षानुवर्षे राहतात, पण वह्या मे महिन्यात रद्दीवाल्याकडे जातात. सहावीतील मुलगी आठवीत कशी लिहू लागली हे पाहू गेल्यास पहिले पान सापडत नाही. प्रत्येक इयत्तेतील निदान चार मुलांच्या भाषा व विज्ञानाच्या वह्या तीन वर्षे सांभाळावयास शाळेला एक कपाट लागेल. शाळासिद्धीच्या कृपेने कपाटांची नोंद तर झालेलीच आहे.